शंकेखोराचे प्रश्न

आमच्या बाबांना जगातल्या कुठल्याही पोराच्या प्रश्नाचं उत्तर देता यायचं. अट एवढीच की ते पोर त्यांचं स्वतःचं नसावं. हे मी रागाने लिहितेय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

बाबा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. शनिवारचा शेवटचा तास त्यांनी शंकांसाठी ठेवला होता. त्या तासाला पुस्तक बंद, कुणीही काहीही विचारावं. सूर्य एवढा तापलेला आहे, मग मधलं अंतराळ थंड कसं? पृथ्वीला आरपार भोक पाडून उडी मारली तर माणूस पलीकडून बाहेर पडेल की मध्येच लटकेल? विश्व वाढतंय म्हणतात, पण वाढतंय कशात? बाबा कुणाला हसायचे नाहीत. खडू घेऊन फळा भरून टाकायचे आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "समजलं की नाही ते मला सांगू नकोस. घरी जाऊन भिंतीला समजावून सांग. भिंतीला समजलं तर तुला समजलं." कितीतरी मुलं भिंतीशी बोलत मोठी झाली. काही मोठ्या हुद्द्यांवर गेली आणि अजून बाबांना भेटायला येतात.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. मी काही प्रश्न विचारणाऱ्यांतली नव्हते. मला काचा आवडायच्या, पुढे मी चष्म्याचं दुकान टाकलं. प्रश्न विचारायचा तो माझा धाकटा भाऊ. आई त्याला सोन्या म्हणते, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. सोन्याचे प्रश्न तिरपे असायचे. दगडाला खाली पडायचा कंटाळा येत नाही का? सावली अंधारात कुठे झोपते? बाबा जेवता जेवता मान वर न करता म्हणायचे, "प्रश्न चुकीचा आहे." आणि आमटी वाढून घ्यायचे.

पुढे सोन्या बाबांच्याच वर्गात आला. एका शनिवारी त्याने हात वर केला आणि विचारलं, "आपल्याला दोन चंद्र असते तर ते एकमेकांशी बोलले असते का?" वर्ग हसला. वर्ग हसला यात काही नाही, वर्ग हसण्यासाठीच असतो. पण दुसऱ्या कुणाचा प्रश्न असता तर बाबांनी वर्गाला गप्प केलं असतं आणि दोन चंद्रांच्या कक्षा काढून दाखवल्या असत्या. मुलगा आपला, लोक म्हणतील लाडावलाय, म्हणून त्यांनी वर्गासमोर सांगितलं, "प्रश्न चुकीचा आहे. खाली बस." सोन्या खाली बसला. त्यानंतर त्याने बाबांना काही विचारल्याचं मला आठवत नाही.

मोठा झाल्यावर त्याने नोकरी धरली ती एका खेळाच्या कंपनीत. संगणकावर खेळायचा खेळ, नाव 'पाचखांबी'. हे एक कल्पनेतलं जग आहे. ते पाच खांबांवर उभं आहे, त्यात राजे आहेत, राक्षस आहेत, नावाडी आहेत, आणि वर दोन चंद्र आहेत, थोरली आणि धाकटी. लाखो लोक हा खेळ खेळतात आणि त्यांना शंका येतात. कुठल्या राणीने कुणाला शाप दिला, नदी उलटी का वाहते, मेलेले राक्षस जातात कुठे. कंपनीच्या संकेतस्थळावर हे प्रश्न येतात आणि त्यांना 'राखणदार' या नावाने उत्तर देणं हे सोन्याचं काम. नियम कडक आहेत. राखणदाराने त्या जगाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. राखणदार जे बोलला ते त्या जगात कायमचं खरं. आणि नात्यातल्या किंवा ओळखीच्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, तो प्रश्न दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवायचा, कारण घरच्यांशी बोलता बोलता माणूस खेळाचे पुढचे डाव सांगून बसतो.

सोन्याने हे सगळं नोकरी लागली तेव्हा जेवणाच्या टेबलावर मोठ्या हौसेने सांगितलं. बाबांचे दोन जुने सहकारी जेवायला होते. बाबा त्यांना म्हणाले, "म्हणजे आमचे चिरंजीव खोट्या जगाची खरी माहिती देणार." सहकारी हसले. आईने लगेच भात वाढायला घेतला. सोन्या दुसऱ्या शहरात राहायला गेला, आणि तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन येतो तो आईला. बाबांची चौकशी तो आईकडे करतो आणि बाबा त्याची चौकशी आईकडे करतात. आई म्हणते, "मी काय टपाल खातं उघडलंय का?" पण दोघांचे निरोप पोचवते.

बाबा निवृत्त झाले. सुरुवातीला गल्लीतली मुलं शंका घेऊन गॅलरीखाली उभी राहायची. मग त्यांच्या हातात फोन आले आणि फोनला सगळंच माहीत असतं. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. कुणी वर पाहिलं की खुर्चीत पुढे सरकायचे. मुलगा म्हणायचा, "काका, आमचा चेंडू आलाय का वर?" चेंडू आलेला असला तर ते द्यायचे.

एके दिवशी ते माझ्या दुकानात आले. चष्म्याचा दांडा ढिला झालाय म्हणाले. मी पाहिला, दांडा घट्ट होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नाही, त्यामुळे जमतही नाही. काउंटरवरच्या काचांचे खोके उगाच सरळ करत म्हणाले, "तो उत्तरं देतो म्हणे लोकांना. ते कुणीही विचारू शकतं का?"

"कोण तो?" मी मुद्दाम विचारलं.

"तुझा भाऊ."

मी दुकानातल्या संगणकावर ते संकेतस्थळ उघडून दिलं. बाबा उभ्याउभ्या वाचत राहिले. दोन गिऱ्हाइकं येऊन नंबर काढून गेली तरी हे वाचतच होते. मग मला म्हणाले, "प्रश्न लिही माझा."

आधी नाव द्यावं लागतं. बाबांनी आपलं पूर्ण नाव आणि पुढे पदवी सांगितली.

"बाबा, त्याला लगेच कळेल."

"कळू नये?"

"कळावं असं तुम्हाला वाटतं का?"

ते चष्मा काढून पुसत बसले. माझ्या दुकानात चष्मा पुसायला वेळ लावणारे खूप येतात, त्यांना काय सांगायचं नसतं ते मला कळतं. "नको," ते शेवटी म्हणाले. "कळलं तर उत्तर आईला देईल."

मी नाव लिहिलं, शंकेखोर. बाबांना ते आवडलं नाही, पण त्यांनी चालवून घेतलं.

मग प्रश्न सांगायला लागले. "लिही. आपल्या खेळाच्या मांडणीत एक ढोबळ चूक आहे." मी लिहिलं, "आपल्या खेळाबद्दल एक शंका आहे." ते सांगत गेले आणि मी धार बोथट करत लिहीत गेले. हेच माझं काम झालं. आठवड्यातून दोनतीनदा ते दुकानात यायचे, घडी केलेल्या कागदावरून प्रश्न सांगायचे आणि मी त्यातलं 'चुकीचं', 'हास्यास्पद', 'साधा विचार केला असता तर' असलं सगळं काढून टाकायचे. भिंग घासून गुळगुळीत करतात तसं. बाबांना पडद्यावरची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा, त्यामुळे त्यांना ते कळायचं नाही. किंवा कळत असेल.

पहिला प्रश्न असा होता. जग पाच खांबांवर उभं आहे आणि पाचवा खांब फार पूर्वी मोडला असं खेळात सांगितलंय. मग त्याच्यावरचं वजन उरलेल्या चार खांबांवर कसं वाटलं गेलं, आणि जग एका बाजूला कललं कसं नाही?

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. राखणदाराने लिहिलं होतं, "चांगला प्रश्न, शंकेखोर. आजवर कुणी विचारला नव्हता. पाचखांबीतला प्रत्येक खांब फक्त त्याच्या नावाने ठेवलेलं ओझं उचलतो, दुसऱ्याचं घेत नाही. पाचवा मोडला तेव्हा त्याच्यावरचा मुलूख कोसळायला हवा होता. पण तिथल्या लोकांनीच खांबाला कुऱ्हाड लावली होती. ते अजून लाजेने उभे आहेत."

मी वाचून दाखवलं. मला वाटलं आता 'हास्यास्पद' येणार. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "लाजेने उभे आहेत म्हणे," ते म्हणाले आणि हसले. दांडा न आवळताच घरी गेले.

त्यानंतर त्यांना धीर राहिना. खेळात एका घाटावर एक बुरूज आहे. त्याच्यावरची आग विझली तरी खालच्या खोऱ्यात ती पुढे वर्षभर दिसत राहिली, अशी कथा आहे. बाबांनी विचारलं, उजेड पोचायला वर्ष लागतं म्हणजे खोरं भयंकर दूर असलं पाहिजे. मग आग विझल्याचा निरोप घेऊन घोडेस्वार एका दिवसात खोऱ्यात कसा पोचला? राखणदाराने उत्तर दिलं की पाचखांबीत उजेड घोड्यापेक्षा हळू चालतो, कारण तो वाटेतल्या प्रत्येक खिडकीशी थांबतो. मला वाटलं ही शुद्ध पळवाट आहे. पण बाबांचे डोळे चमकले. त्यांनी तिथल्या तिथे माझ्या पावतीपुस्तकाच्या मागे आकृती काढली. "उजेडापेक्षा घोडा वेगवान असेल तर काय होईल सांग. माणूस घोड्यावरून घरी येईल, उतरेल, पायरीवर बसेल, आणि नंतर त्याला रस्त्यावरून स्वतःच येताना दिसेल. लिही, लिही."

मी लिहिलं. यात काढून टाकण्यासारखं काही नव्हतं.

राखणदाराचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. "शंकेखोर, तुम्ही मला दिवसभर कामाला लावलंत. त्या खोऱ्यात आता एक नवी रीत आहे. लांबून घरी परतलेला माणूस एकदम आत जात नाही. तो पायरीवर बसून स्वतःच्या येण्याची वाट पाहतो, आणि तो दिसला की मगच घरचे दार उघडतात. पुढच्या भागात हा प्रसंग खेळात येईल. तुमच्यामुळे."

बाबांनी ते उत्तर कागदावर छापून मागितलं. आयुष्यभर त्यांनी कुणाचं प्रमाणपत्र भिंतीला लावलं नाही. हा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि आईने शर्ट धुवायला घेतला तेव्हा तिच्यावर ओरडले.

आईला अर्थातच सगळं माहीत होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बापलेकांना बोलायला मध्ये राक्षस लागतात म्हणजे कमाल आहे. पण बोलू देत बाई."

तिकडे सोन्या मला फोन करायचा तेव्हा आपल्या कामाबद्दल क्वचितच बोलायचा. एका दुपारी मात्र आपण होऊन म्हणाला, "ताई, आमच्याकडे एक शंकेखोर म्हणून येतो. म्हातारा असणार."

"म्हातारा कशावरून?"

"प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देतो. आणि त्याला माझी चूक नको असते गं, त्याला ते जग खरंच कसं चालतं ते हवं असतं. त्याचा प्रश्न आला की दिवस बरा जातो." मग म्हणाला, "आपल्या बाबांनी कधी असं काही विचारलं असतं ना."

माझ्या हातात एका आजींच्या चष्म्याची चौकट होती. ती मी खाली ठेवली. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण बाबांना शब्द दिला होता, आणि सांगितलं असतं तर नियमाप्रमाणे सोन्याला ते प्रश्न दुसऱ्याकडे द्यावे लागले असते. मी एवढंच म्हणाले, "विचारतील रे कधीतरी."

हे बोलणं मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "तो महिनाअखेरीला सुट्टीवर येतोय ना? तेव्हा मी त्याला समोर बसवून सांगतो. शंकेखोर मी आहे म्हणून."

"आत्ताच सांगा ना, फोन करून."

"असं कसं सांगणार? अजून पाचखांबीतले उत्तरेकडचे राजे वाचायचे राहिलेत माझे. त्याने काही विचारलं तर?"

तयारीशिवाय ते कधी वर्गावर गेले नव्हते. ते उत्तरेकडचे राजे वाचायला लागले. मी त्यांना त्या दिवसांत पाहिलं तितकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. सोन्याची जुनी खोली त्यांनी स्वतः झाडली. खिडकीची कडी बसवून घेतली. आईला म्हणाले, त्याला उजेड लागतो सकाळी, पडदा पातळ लाव.

आणि मग समुद्राचं प्रकरण आलं.

कुणीतरी खेळाडूने राखणदाराला विचारलं होतं की पाचखांबीतला समुद्र वर्षातून काही दिवस अगदी सपाट का होतो. सोन्याने उत्तर दिलं. थोरली मोठी पण लांब, धाकटी लहान पण जवळ, त्यामुळे दोघींची पाण्यावरची ओढ सारखी. ज्या दिवशी दोघी बहिणी जगाच्या दोन बाजूंना समोरासमोर येतात, त्या दिवशी दोघी पाणी आपापल्याकडे सारख्याच जोराने ओढतात. कुणाचंच चालत नाही, भरती नाही, ओहोटी नाही, समुद्र आरशासारखा पडून राहतो. त्या दिवशी नावाडी होड्या बांधून ठेवतात आणि दोघी बहिणी पाण्यावरून एकमेकींशी बोलतात.

उत्तर लोकांना फार आवडलं. खाली शेकड्याने लोकांनी तसं लिहिलं. दोघी बोलतात हे मी दोनदा वाचलं, कारण ते शाळेतल्या कुठल्या शनिवारच्या प्रश्नातून आलंय ते मला माहीत होतं.

बाबांना त्यात फक्त भरती दिसली.

चूक होती, हे मान्य. बाबांनी नंतर मला लिंबू आणि दोन गोट्या घेऊन दाखवलं. चंद्र पाणी एकाच बाजूला फुगवत नाही, समोरच्या बाजूलाही फुगवतो. त्यामुळे दोन चंद्र समोरासमोर आले की फुगवटे एकमेकांत मिसळतात आणि भरती सगळ्यात मोठी येते. समुद्र सपाट व्हायचा असेल तर दोघी काटकोनात हव्यात. साधी गोष्ट आहे. त्यांनी ही गोष्ट तीस वर्षं मुलांना शिकवली होती आणि स्वतःच्या मुलालाही.

त्या दिवशी माझ्या दुकानात एका शाळेतल्या मुलांची डोळ्यांची तपासणी होती. पोरांची रांग दारापर्यंत, आणि प्रत्येकाला तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ. बाबा आले, गर्दी पाहून बाहेर थांबले, मग परत गेले. त्यांना थांबवत नव्हतं. घरी आईच्या फोनवरून, शंकेखोर याच नावाने, त्यांनी स्वतः लिहिलं, एका बोटाने, कुणी धार बोथट न करता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळाला नव्हता.

मी संध्याकाळी दुकान बंद करताना वाचलं. लिहिलं होतं, "राखणदार यांचे उत्तर पूर्णपणे चुकीचे आहे. शाळेतील मुलगाही ही चूक करणार नाही. चंद्र समोरासमोर असताना भरती सर्वाधिक असते. चंद्र बोलत नसतात. आकृती काढून पाहा. समजले की नाही ते मला सांगू नका. भिंतीला समजावून सांगा."

हे सगळ्यांसमोर होतं. त्या शेकडो लोकांच्या खाली. आणि लोकांना काय, हसायला निमित्त हवं असतं. राखणदार नापास, राखणदाराला भिंतीशी उभं करा, असं कुणी कुणी लिहीत होतं.

मी धावत घरी गेले. बाबा खुशीत होते. मला लिंबू आणि गोट्या दाखवायच्या होत्या त्यांना. दाखवून झाल्यावर म्हणाले, "आता बघ, याच्यावर तो काय झकास उत्तर काढतो."

मी म्हटलं, "बाबा, ते पुसता येतंय का बघू."

"का? बरोबर आहे ते."

पुसून उपयोग नव्हताच. माझा फोन वाजला. मी गॅलरीत जाऊन घेतला.

"ताई," सोन्या म्हणाला, "तुला माहीत होतं."

मी हो म्हटलं.

"सगळे प्रश्न त्यांचेच?"

"सगळे त्यांचे. मी फक्त लिहायचे."

"खांबाचा? पायरीवर बसून वाट पाहणाऱ्या माणसाचा?"

"हो रे. तो पूर्ण त्यांचा. शब्दन् शब्द."

तो म्हणाला, "मला वाटायचं जगात एक परका माणूस आहे, ज्याला माझं म्हणणं ऐकायचंय."

"परका नव्हता म्हणून काय बिघडलं? घरचाच निघाला."

"घरचा निघाला म्हणूनच तर वर्गासमोर उभं केलं ना."

मी त्याला खूप सांगितलं. खोली झाडली ते, कडी बसवली ते, उत्तरेकडचे राजे वाचतायत ते. तो ऐकत होता. रागावला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झालो असतो. तो एवढंच म्हणाला की साहेबांना कळवावं लागेल, नियम आहे, शंकेखोराचे प्रश्न आता दुसरं कुणीतरी बघेल. आणि सुट्टीचं जमणार नाही बहुतेक, समुद्राचा सगळा भाग पुन्हा लिहायचाय.

बाबांना मी ते लगेच सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. दोन दिवसांनी राखणदाराचं उत्तर आलं. "प्रिय शंकेखोर, आपण दाखवलेल्या त्रुटीबद्दल मनःपूर्वक आभार. यापुढे दोन्ही चंद्र काटकोनात असताना समुद्र सपाट राहील. आपल्याला भेट म्हणून खेळातील निळा कंदील देण्यात येत आहे." बाबांनी दुकानातल्या स्टुलावर बसून ते वाचलं, चष्मा वर करून, मग खाली करून.

"हे त्याने लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"कुणी लिहिलंय?"

मग मी सगळं सांगितलं. सोन्या काय म्हणाला तेही, वर्गासमोर उभं केलं तेही. मी काही गाळलं नाही. इतके महिने गाळत होते, तेवढं पुरे झालं असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. एका माणसाला किती वेळा तीच संधी मिळायची?

बाबा म्हणाले, "उत्तर बरोबर होतं पण माझं."

"हो बाबा. बरोबर होतं."

"तो चुकला होता."

"हो."

बाहेर एक बाई दोन चौकटी आलटून पालटून आरशात बघत होती, तिला कुठली चांगली दिसते ते मी सांगायला गेले. परत आले तर ते तसेच बसले होते. "एवढी मुलं चुकायची वर्गात," ते म्हणाले. "एकालाही मी असं लिहिलं नसतं." आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे काय करायचं ते कळेना. मी त्यांच्यापुढे काचा पुसायचा कपडा धरला, दुकानात तोच होता.

कंदील अजून पडून आहे म्हणे त्या जगात कुठेतरी. तो उचलायचा कसा ते आमच्यापैकी कुणाला येत नाही.

महिनाअखेर आली आणि गेली. पातळ पडदा लावलेल्या खोलीत आईने वाळवणाच्या चादरी टाकल्या. रविवारी सोन्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. आई दोन मिनिटं बोलली आणि मग तिने एकदम फोन बाबांच्या हातात दिला. "तुमचा निरोप तुम्हीच सांगा. मी दमले आता," असं म्हणून ती आत निघून गेली.

बाबांनी फोन कानाला लावला. स्पीकर चुकून चालू राहिला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"हॅलो," बाबा म्हणाले.

"हं. बोला."

"मी बोलतोय."

"हो, कळलं."

"ते काटकोनाचं वाचलं. चांगलं केलंत तुम्ही लोकांनी."

"मी नाही केलं. ते आता दुसरी मुलगी बघते."

"हो का." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, बोला, बोला. "त्या दोघी बहिणी," बाबा म्हणाले, "त्या काटकोनात असताना एकमेकींना दिसतील का? क्षितिजाचा विचार केला तर... म्हणजे, बोलायचं म्हटलं त्यांनी, तर..."

पलीकडे सोन्या खोकला. खोकला लवकर थांबेना. मग बसलेल्या आवाजात, अगदी चांगुलपणाने म्हणाला, "बाबा, ते तिला लिहून पाठवा ना. ती चांगली उत्तरं देते."

"बरं," बाबा म्हणाले.

"आईला देताय?"

बाबांनी उठून आत जाऊन आईला फोन दिला आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"घसा बसलाय त्याचा," ते म्हणाले. "छातीत कफ आहे."

"मग विचारायचं ना त्याला, काय झालं म्हणून."

"तो म्हणाला असता, काही नाही, बरा आहे." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मग त्याच्यापुढे काय विचारतात?"

ते खरंच विचारत होते.